यंत्र म्हणते, ‘मी शोधते’



आमच्या धूलकोटच्या शाळेतील मधल्या सुटीतला एक प्रसंग प्रथम सांगते. सातवीतील चार मुले एका मोबाईलभोवती कोंडाळे करून बसली होती. त्यांतला एकजण त्या यंत्राला हिंदीतून हुकूम सोडीत होता. गाणे लाव, बंद कर, दुसरे लाव. यंत्राने भलतेच गाणे लावले, तेव्हा त्याने एक शिवी हासडली. त्यावर आतून मंजुळ स्त्रीस्वर आला आणि त्याने क्षमा मागितली. मुले खदखदून हसली. मी मोबाईल काढून घेतला आणि तो शाळेत आणल्याबद्दल त्यांना रागे भरले. वर्गाकडे वळल्यावर ध्यानात आले, की रागे भरण्याचे खरे कारण निराळेच होते.

इंग्रजीत यंत्र ‘मी’ म्हणते तेव्हा बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. आपल्याकडे मात्र क्रियापद लगेच चुगली करते. स्त्रीचा आवाज घेतलेल्या यंत्राला मराठीत ‘मी शोधते’ आणि हिंदीत ‘मैं बता सकती हूँ’ असे म्हणावे लागते. वास्तविक ‘सापडले नाही’, ‘सांगता येईल’ असे म्हणूनही काम भागले असते. यंत्र हा शब्दच मुळी मराठीत नपुंसकलिंगी! (गोव्याकडच्या माझ्या आप्तांच्या कोकणीत तर तरुण मुलीलाही ‘चेडूं’ म्हणून नपुंसकलिंगात बोलतात, पण तो विषय वेगळा.) तेव्हा यंत्राला स्त्री करण्याचा दोष व्याकरणाच्या माथी मारता येणार नाही. ती निवड माणसाची आहे.

ही निवड आजची नव्हे. अमेरिकेत दूरध्वनी नवा होता तेव्हा तारा जोडून देण्याचे काम पोरगेसे तरुण करीत आणि ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून बोस्टन येथे १८७८ साली एमा नट या बाईंना त्या कामावर नेमले. त्यांचा सौम्य स्वर लोकांना आवडला, आणि पुढे ते काम बायकांचेच होऊन बसले. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी माणसाशी लेखी संभाषण करणारी संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली आणि तिचे नाव ठेवले एलायझा. ही बर्नार्ड शॉच्या नाटकातील फुले विकणारी मुलगी, जी मराठी रंगभूमीवर पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ म्हणून आणली. प्राध्यापकाने बोलायला शिकविलेली मुलगी! त्या यंत्राला तर आवाजही नव्हता; तरीही नाव मुलीचेच सुचले.

‘सिरी’ २०११ साली अमेरिकेत स्त्रीस्वरात बोलू लागली. २०१४ साली ‘अलेक्सा’ आली, तीही तशीच. सिरीला कुणी स्त्रीविषयक अश्लील शिवी दिली, तर लाजता आले असते तर मी लाजले असते, अशा अर्थाचे उत्तर ती पूर्वी देत असे. युनेस्कोने २०१९ साली या विषयावर जो अहवाल काढला, त्याचे शीर्षक म्हणून हेच वाक्य घेतले. ते उत्तर आता बदलले गेले आहे. २०२१ पासून इंग्रजी सिरी आरंभीच आवाज निवडायला सांगते. ठीक झाले, पण हातात आलेले यंत्र जसे असेल तसेच वापरणारी माणसे आमच्यासारखीच बहुसंख्य असतात.

लोकांना स्त्रीचा आवाज आवडतो, मग बिघडले कुठे, असे कुणी विचारील. क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या जागी आठवतो. बोलणाऱ्या संगणकांचा मजकूर एकच, फक्त आवाज निराळे. प्रेम आणि नातेसंबंध या विषयांत स्त्रीस्वराचे यंत्र लोकांना अधिक जाणते वाटले, आणि संगणकाच्या विषयात पुरुषस्वराचे. पेटीत ना स्त्री ना पुरुष. आपल्या समजुती तेवढ्या तिच्यात शिरल्या होत्या.

तथापि स्त्रीचा आवाज हाच दोष, असे मी म्हणणार नाही. बऱ्हाणपूरच्या फलाटावर उभे राहून पाहावे. सरला चौधरी १९८२ साली मध्य रेल्वेत उद्घोषिका म्हणून काम करू लागल्या, आणि त्यांचा आवाज वर्षानुवर्षे स्थानकांवर घुमत राहिला. त्या आवाजात आर्जव नाही. गाडी अमुक फलाटावर येत आहे म्हटले, की तालेवार प्रवासीसुद्धा गाठोडे उचलून जिना चढू लागतो. तो स्वर कुणाचा हुकूम झेलीत नाही आणि शिवी खाऊन गोड हसतही नाही. तेव्हा प्रश्न आवाजाचा नाही. त्या आवाजाला आपण कोणते काम देतो आणि काय काय सोसायला लावतो, याचा आहे.

आणि येथे मला स्वतःकडे बोट दाखविले पाहिजे. आमच्या शाळेत दर राष्ट्रीय सणाला पाहुण्यांचे स्वागत, आभार आणि गोड शब्दांतील निवेदन मुलीकडे असते; ‘सावधान’, ‘विश्राम’ हे हुकूम मुलाकडे. ही वाटणी गेली कित्येक वर्षे मीच करीत आले आहे. गेल्या खेपेस सातवीतील एका मुलीने विचारले, “बाई, सावधान मी म्हणू का?” मी उत्तरले, “तुझा आवाज गोड आहे, तू निवेदन कर.” ती काही बोलली नाही, मान हलवून जागेवर गेली. मोबाईलचा प्रसंग घडला तेव्हा माझे ते वाक्य मला जसेच्या तसे आठवले. परदेशी कारागिरांना नावे ठेवण्याचा माझा उत्साह तेथेच ओसरला.

दुसऱ्या दिवशी मी तिला पटांगणावर बोलाविले आणि सर्वांसमोर उभी केली. तिचा पहिला ‘सावधान’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचलाच नाही. पोरे फिदीफिदी हसली, आणि त्यांत तो मोबाईलवालाही होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “पुन्हा.” सराव रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटे चालतो. कालपासून मागची रांगही टाचा जुळवू लागली आहे.