वीस वर्षे भरली, आता पुढे?

अमेरिकेच्या राखीव सैन्यातली माणसं एरवी शिक्षक, परिचारिका, ट्रकचालक असतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, वर्षाला साधारण दोन आठवडे प्रशिक्षण, आणि बोलावणं आलं तर थेट युद्धभूमी. वर्षात किमान 50 गुण मिळाले तरच ते वर्ष धरलं जातं. अशी 20 वर्षं भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होतो.

पण पैसे लगेच हाती पडत नाहीत. ते सुरू होतात साधारणपणे साठाव्या वर्षी. म्हणजे बेचाळिशीत बाहेर पडणाऱ्याला अठरा वर्षं थांबायचं आहे! जानेवारी 2008 नंतरच्या ठरावीक सक्रिय सेवेच्या दर 90 दिवसांमागे ही वाट तीन महिन्यांनी कमी होते, हे मात्र फार जणांना उपयोगी पडतं.

खरी मेख पुढे आहे. नाव निवृत्तांच्या राखीव यादीत ठेवलं, तर वेतनाचा हिशेब साठीच्या आसपासच्या वेतनदरांनी होतो. नाव पूर्ण कमी करून घेतलं, तर सोडतेवेळच्या जुन्या दरांनी. इतक्या वर्षांची महागाई लक्षात घ्या. यादीत राहिल्यास देश पुन्हा बोलावू शकतो, हे खरं. तरीही बहुतेकांनी यादीतच राहावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि घरच्यांना विचारा. इतके शनिवार-रविवार त्यांनीही दिलेले असतात.