गॅलिलिओचे नाटक का बदलले?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'तीन पैशाचा तमाशा' आणि 'अजब न्याय वर्तुळाचा' ही नाटके मराठीत आली ती बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककारामुळे. त्याच्याच 'गॅलिलिओ' नाटकाविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

हिटलरच्या राजवटीमुळे परागंदा झालेल्या ब्रेख्तने हे नाटक १९३८ साली डेन्मार्कमध्ये लिहिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या गॅलिलिओला धर्मपीठाने १६३३ साली आपले मत मागे घ्यायला लावले. नाटकातला गॅलिलिओ शरण जातो खरा, पण नजरकैदेत चोरून ग्रंथ लिहितो आणि शिष्याच्या हाती देशाबाहेर धाडतो. म्हातारा मोठा हुशार! सत्य वाचले, असे प्रेक्षकाला वाटते.

पुढे ब्रेख्त अमेरिकेत गेला. चार्ल्स लॉटन या नटाबरोबर नाटकाची इंग्रजी आवृत्ती करीत असतानाच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. ब्रेख्तने नाटक बदलले. १९४७ साली ते लॉस एंजेलिसला रंगमंचावर आले. ग्रंथ याही नाटकात बाहेर जातो. पण शिष्य कौतुक करू लागतो तेव्हा गॅलिलिओच त्याला अडवतो. आपण ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या हवाली केले, हा आपला गुन्हा आहे, असे तो कबूल करतो.

गोष्ट तीच, निवाडा मात्र बदलला. आधी प्रश्न होता, सत्य वाचले का? आता प्रश्न झाला, ते कुणाच्या हाती गेले?

कुणी म्हणेल, लेखकाने शब्द फिरवला. आम्हाला तसे वाटत नाही. ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ब्रेख्तने तर स्वतःचेच लिखाण पारखले. त्याला हिंमत लागते.

हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येणार नाही. ११ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. ज्यांनी करुणा शिकवली त्यांच्या जयंतीला बॉम्बची चाचणी!

आज आपली मुले इंजिनियर, शास्त्रज्ञ होताहेत. आम्हा गिरणी कामगारांची छाती फुगते. पण प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड हवी, हे बाबासाहेबांनी बजावून ठेवले आहे. तेव्हा पोरांनो, खूप शिका. आणि आपली विद्या कुणाच्या कामी येते आहे, हे रोज स्वतःला विचारा.

नमो बुद्धाय! जयभीम!