‘श्री ४२०’ : ठकाची कला आणि फसणाऱ्याची आशा

ठकसेनांच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. पाकीट मारणाऱ्याचा आपल्याला राग येतो; पण गोड बोलून शहाण्यासुरत्याला गंडवणारा भेटला की आपण मनातल्या मनात त्याला दाद देतो. १९५५ साली पडद्यावर आलेला राज कपूर यांचा ‘श्री ४२०’ आपली हीच खोड पकडतो. ख्वाजा अहमद अब्बास आणि आपले वसंत साठे यांच्या लेखणीतून तो उतरला.

कथा साधी आहे. अलाहाबादचा एक बी. ए. झालेला तरुण मुंबईत येतो आणि प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक गहाण टाकतो. पुढं पत्त्यांतली हातचलाखी त्याला बड्या लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवते. आता चौपाटीवरचा प्रसंग पाहा. एकीकडे सेठ सोनाचंद देशभक्तीचं भाषण देत आहेत, पलीकडे राज दंतमंजन विकतो आहे. दोघांचाही धंदा बोलण्याचाच. फरक फक्त कपड्यांचा आणि भांडवलाचा!

राधू कर्मकार यांचा कॅमेरा हाच फरक न बोलता दाखवतो. क्लबात सारं लखलखीत : नादिराचा झगमगता पोशाख आणि ताठ मान. नर्गिसची विद्या मात्र साध्या साडीत, भर पावसात, एका छत्रीखाली. नीमोंनी सेठ रंगवला तो आरडाओरडा न करता, शांतपणे. म्हणूनच त्याची भीती वाटते. आणि खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या आपल्या ललिता पवार इथं केळी विकणारी गंगामाई झाल्या आहेत. तिच्या तोंडी शिव्या, पण पोटात माया.

चित्रपटाचं मर्म तिच्यापाशी आहे. शंभर रुपयांत घर, अशी योजना निघते आणि फुटपाथवरची माणसं गाठीला बांधलेले पैसे आणून देतात. ती लोभी आहेत का? मुळीच नाही. त्यांना डोक्यावर छप्पर हवं आहे. शिवाय राज त्यांच्यातलाच. ठक लोभावर जगतो असं आपण म्हणतो, पण त्याचं खरं पीक गरजेवर आणि विश्वासावर येतं. शेवटी राजचं भाषण येतं आणि सारं जरा सहज सुटतं, हा या चित्रपटाचा कमकुवतपणा खरा.

श्रोतेहो, आमच्या कासा-डहाणू-तलासरीकडे ही गोष्ट नवी नाही. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन सावकाराकडे गेली, हे वारली घरांनी भोगलं. १९४५च्या उठावामागं हे दुःखही होतं. आज अंगठ्याच्या जागी मोबाईलवर आलेला आकडा विचारतात, एवढंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ४२० कलम आता ३१८ झालं. कलमाचा आकडा बदलला. धंदा तोच राहिला.

तेव्हा हा चित्रपट पुन्हा पाहाल तर राजच्या हातांकडे जरूर पाहा, पण गंगामाईच्या चेहऱ्यावरून नजर काढू नका. आणि उद्या कोणी स्वस्तात घर किंवा दामदुप्पट देऊ लागला, तर आधी कागद मागा, तो घरातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.