तरुण, राजकारण आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आताच आपण केला. यांपैकी बहुतेकांनी वयाची अठरा वर्षे पुरी केली आहेत, किंवा वर्षा-दोन वर्षांत ती पुरी होतील. आपण ज्यांना अद्याप ‘मुले’ म्हणतो, ते या देशाचे मतदार आहेत. त्यांनी राजकारणात कितपत लक्ष घालावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे.

आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. “आधी शिक्षण पुरे कर, नोकरीला लाग, मग काय ते राजकारण कर.” या उत्तरामागील काळजी मला समजते. मोर्चात गेलेल्या मुलावर खटला झाला, तर तो कागद पुढे नोकरीच्या किंवा पारपत्राच्या वेळी आडवा येऊ शकतो, हे खोटे नव्हे. परंतु नोकरीमागून संसार येतो, संसारामागून मुलांची शिक्षणे येतात, आणि तो ‘मग’ बहुधा उगवतच नाही. आपण सोडलेली जागा मात्र रिकामी राहत नाही. तिथे दुसरे कोणी बसतात, आणि मग राजकारण नासले म्हणून आपण घरी बसून हळहळतो.

राज्यघटनेने तरुणांवर आपल्यापेक्षा अधिक विश्वास टाकला आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. २०२२ पासून मतदारयादीत नाव घालण्यासाठी वर्षातून चार अर्हता-दिनांक ठेवले आहेत आणि सतरा वर्षे पुरी झालेल्यास आगाऊ अर्जही करता येतो. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची आणि पंचविसाव्या वर्षी विधानसभेची निवडणूक लढविता येते. दार उघडे आहे. आत कोणत्या तयारीने जावे, एवढाच प्रश्न उरतो.

या बाबतीत शेजारच्या गुजरातचे उदाहरण बोधप्रद आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे दर वाढले आणि विद्यार्थी खवळले. महागाईने गांजलेली सामान्य जनता त्यांना येऊन मिळाली आणि पाहता पाहता त्याचे नवनिर्माण आंदोलन झाले. अनेकांचे प्राण गेले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले आणि मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. विशीतल्या मुलांनी तीन महिन्यांच्या आत एक राज्य सरकार खाली खेचले! त्यांच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु तेच चिमणभाई १९९० मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, हाही इतिहास आहे. सत्ता पाडण्यास संताप पुरतो. ती नीट चालविण्यास अभ्यास, संघटना आणि चिकाटी लागते.

ही गोष्ट नामदार गोखल्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा नव्या सभासदाने पहिली पाच वर्षे उमेदवारीत काढावी असा नियम घातला. देश पाहावा, प्रश्नांचा अभ्यास करावा, मग बोलावे. आज इतकी वर्षे थांबा असे मी तरुणांना म्हणणार नाही. परंतु हातातील भ्रमणध्वनीवर एखाद्या मजकुराला पसंती दर्शविली म्हणजे राजकीय कर्तव्य पार पडले, असेही त्यांनी मानू नये.

मग ही उमेदवारी करावी कोठे? ती घराजवळ करावी. गावी जाल तेव्हा ग्रामसभेस बसा. वर्षातून किमान चार ग्रामसभा भराव्यात असा कायदा आहे. शहरात असाल तर आपल्या प्रभागातील गटारावर, शाळेवर, दवाखान्यावर किती पैसा मंजूर झाला आणि किती खर्च झाला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे संबंधित अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. आलेले उत्तर वाचता येणे, त्यातील आकडे ताडून पाहणे आणि पुन्हा अर्ज करणे, हीच राजकारणाची बाराखडी आहे.

आता एक गोष्ट मला वडीलधाऱ्या मंडळींपुढे नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत मांडावयाची आहे. निवडणूक जवळ आली की उमेदवारांना आपल्यासारख्या मंडळांची आठवण होते. सभागृहास देणगी, संमेलनास हार आणि त्याबदली ‘समाजाची एकगठ्ठा मते’, असा हा व्यवहार असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवाराने जातीच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने निर्णय दिला, की मतदाराच्या जातीला केलेले आवाहनही यात येते. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवा. आपला मुलगा, आपली मुलगी ज्ञातीची आहे. तिचे मत ज्ञातीचे नाही. मंडळाने शिष्यवृत्ती दिली, वसतिगृहात जागा दिली, म्हणून त्या मतावर मंडळाचा हक्क पोहोचत नाही. आपण एकीकडे तरुणांना विचार करावयास शिकवावे आणि दुसरीकडे त्यांचा विचार परस्पर कोणाला देऊन टाकावा, हे शोभत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. कार्यकारी मंडळात तिशीच्या आतील निदान दोन सभासद घ्यावेत, त्यांत एक मुलगी असावी, आणि त्यांच्या हाती जमाखर्चाची वही द्यावी. हिशेब मागण्याची सवय घरातूनच लागते. गुणगौरवाच्या दिवशीच मतदार-नोंदणीचे अर्ज भरून घेण्याची व्यवस्था करावी. आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना बोलवायचेच असेल, तर सर्व पक्षांच्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवावे, प्रश्न तरुणांनी विचारावेत आणि मंडळाने कोणाचाही पुरस्कार करू नये.

तरुण मित्रहो, तुमची मते आमच्याहून वेगळी असतील, असावीतच. वडिलांशी वाद घाला, पण अभ्यास करून घाला. आणि वडील मंडळींनो, तो वाद घरात होऊ द्या. ज्या घरात मुलास ‘नाही’ म्हणता येते, त्याच घरातला मुलगा उद्या सत्ताधाऱ्यासही ‘नाही’ म्हणू शकेल.