बिळावाचून जगणारा



सशावर व्याख्यान म्हणताच पुढे बसलेल्या मुलांना लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र प्राणी आठवला असेल. त्याला आज रजा देऊ. तो युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या जातीचा पाळीव वंशज. आपल्या मलकापूरच्या शिवारातला ससा मातकट रंगाचा, लांब कानांचा. शास्त्रात त्याला लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा, म्हणतात. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात. अशा भेदांवरून १९१२ साली गिडली या शास्त्रज्ञाने सशांना उंदरांच्या गणातून वेगळे काढले.

पण खरा फरक घराचा. हा ससा बीळ खणत नाही. धुऱ्यावरच्या गवतात अंगापुरती खोलगट जागा दाबून घेतो, कान पाठीवर टाकतो आणि दिवसभर तिथेच बसतो. चरणे रात्री. नैयायिकांनी नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून सशाचे शिंग घेतले. सशाचे घर घेतले असते तरी चालले असते!

भेकड माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. मला हे पटत नाही. कोल्हा जवळून जातो, वर ससाणा घिरट्या घालतो (अमरकोशात ससाण्याचे नावच शशादन, सशे खाणारा), आणि हा अंगावर पाय पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही. याला काय कमी धीर लागतो?

पिल्लांची रीतही हीच. बिळातली पिल्ले आंधळी, उघडी जन्मतात. याची मात्र अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच येतात. युरोपातल्या रानसशांच्या निरीक्षणांत असे दिसले, की आई पिल्लांपासून दूर राहते आणि दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर, काही मिनिटे पाजून जाते. तिचे दूध गाईच्या दुधाहून कितीतरी दाट, म्हणून एवढ्यावर भागते. आई जवळ घुटमळली, तर तिच्या वासावरून कोल्हा पिल्लांपर्यंत पोचेल.

आणि इथेच आपला दयाळूपणा आड येतो. तूर कापताना एकटे पिल्लू सापडते, आपण ते पोरके समजून घरी आणतो, वाटीत गाईचे दूध घालतो. त्यावर ते सहसा जगत नाही. संध्याकाळी आई रिकाम्या जागेशी येते.

दुसरी गोष्ट विस्तवाची. उन्हाळ्यात आपण धुरे पेटवतो. कोल्ह्यापुढे कामी येणारे निश्चळ बसणे आगीपुढे घात करते. मोठा ससा पळेल, चार दिवसांचे पिल्लू बसूनच राहील. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती, यांनी सशाची शिकार गुन्हा ठरली. बांधावरच्या काडीचा हिशोब मात्र शेतकऱ्यालाच ठेवावा लागतो. पेटवण्याआधी काठीने गवत झोडत एक फेरी मारावी, जमल्यास एखादा धुरा तसाच राखावा. आणि पिल्लू उचलून आणलेच असेल, तर दिवस मावळायच्या आत त्याच तासात, त्याच झुडपाखाली नेऊन ठेवावे.