कराटे पिक्चर आणि वहीतली एक नोंद

(स्नेहमेळाव्यातील भाषण. बोललो तसंच, थोडं आवरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे: 'तुझे ते मारामारीचे पिक्चर'. मघाशी डॉक्टर, इंजिनिअर, सरपंच झालेल्या मित्रांनी आपापला प्रवास सांगितला. मी तीस वर्षं बँकेत खाती जुळवली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण सिनेमे मनापासून पाहिले, तेवढं सांगतो.

१९८४ चा गणेशोत्सव आठवा. मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि रात्री उशिरा 'एंटर द ड्रॅगन' लागला. आपण सगळे त्याला कराटे पिक्चर म्हणायचो. खरं तर कराटे ओकिनावाचं, आणि ब्रूस ली हाँगकाँगमध्ये शिकला ते विंग चुन, म्हणजे कुंग फूचा एक प्रकार. आपल्याला काय त्याचं! अंगाने सडपातळ माणूस आणि समोरचे दहा जण आडवे, एवढा आधार आमच्यासारख्या हडकुळ्या पोरांना पुरेसा होता. मागच्या बाकावरच्या आम्ही तिघांनी त्याला पत्र लिहायचं ठरवलं. पत्ता शोधत राहिलो. तो २० जुलै १९७३ लाच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला होता. हा पिक्चर प्रदर्शित झालेलाही त्याने पाहिला नव्हता.

पत्र राहिलं, पण नानचाकू मात्र तयार झाला. त्याची गोष्ट शेवटी सांगतो.

आज माझं मत विचाराल तर ब्रूस लीसारखा चपळ माणूस पडद्यावर पुन्हा दिसला नाही, पण त्या पिक्चरच्या कथेत दम नाही. कुंग फूचा एकच पिक्चर बघायचा असेल तर १९७८ चा 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' बघा. नायक मठात येतो आणि एकदम सगळ्यात वरच्या खोलीत शिरतो. तिथे त्याचा टिकाव लागत नाही. मग तळापासून सुरुवात. जेवणघरात जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारून जायचं. पडलात तर ओल्या कपड्यांनी उपाशी राहा. दोन्ही हात लांब करून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला पाती बांधलेली, हात खाली आला की कुशीत टोचणार. पाढे पाठ करून घेणाऱ्या आपल्या गुरुजींची आठवण कोणाला झाली तर माझा इलाज नाही! अशा पस्तीस खोल्या पार करून तो छत्तिसावी मागतो, मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. मला हा पिक्चर आवडतो तो या मागणीसाठी.

सामुराई मला उशिरा भेटले. पुण्यात ट्रेनिंगला असताना एका मित्राने फिल्म सोसायटीच्या खेळाला नेलं. कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई', १९५४ चा, जवळजवळ साडेतीन तासांचा. मी तलवारबाजीची वाट बघत बसलो आणि निम्मा पिक्चर माणसं जमवण्यात, कुंपणं घालण्यात, शेतकऱ्यांना भाले धरायला शिकवण्यात गेला. 'शोले'चं मूळ तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. पण एक फरक बघा. शोलेत ठाकूर आपल्या सुडासाठी दोघांना आणतो. इथे गावकरीच सामुराई शोधायला निघतात, आणि मोबदला काय, तर पोटाला भात. सामुराईंना भात घालून ते स्वतः भरड धान्य खातात. हे समजल्यावर म्होरक्या तो वाडगा हातात घेतो, तिथे माझ्या घशात आवंढा आला. आणखी एक गोष्ट. सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. त्यातला एक तर तलवारीत सर्वांत तरबेज. तलवारीला वाहिलेल्या पिक्चरमध्ये कोणाही सामुराईला तलवारीने मरण येत नाही.

त्यात तोशिरो मिफुनेचा किकुचियो आहे. शेतकऱ्याचा पोर, पण खोटी वंशावळ दाखवून सामुराई म्हणवून घेणारा. शेतकऱ्यांनी पूर्वी सामुराईंना मारून चिलखतं लपवली हे उघडकीला येतं आणि बाकीचे संतापतात, तेव्हा तो उसळतो. शेतकरी लबाड आहेत, भित्रे आहेत, पण त्यांना तसं केलं कोणी? तुम्हीच. कोणाच्या तोंडून उत्तर निघत नाही.

याच पिक्चरमध्ये काही क्षण रस्त्याने चालत जाणारा एक पोरगेला सामुराई दिसतो. तो तात्सुया नाकादाई. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, मासाकी कोबायाशींच्या 'हाराकिरी'त तोच नायक झाला. माझ्या मते सामुराई पिक्चरमध्ये याच्या वर काही नाही. एक बेकार सामुराई मोठ्या घराण्याच्या वाड्यावर येऊन म्हणतो, तुमच्या अंगणात मला सन्मानाने मरू द्या. त्याच्या आधी असाच एक तरुण आलेला असतो. आजारी बायको आणि लेकरासाठी त्याने तलवारीची पाती विकून बांबूची बसवलेली असतात. वाड्यातले लोक त्याला त्याच बांबूने पोट चिरायला लावतात, दुसऱ्या कोणी मागायला येऊ नये म्हणून. हा दुसरा माणूस त्याचाच सासरा. पुढे जे रक्त सांडतं ते सांगत नाही. शेवट सांगतो. वाड्याच्या रोजनाम्यात नोंद होते: त्याने मारलेली माणसं आजाराने गेली, आणि त्याने स्वतः हाराकिरी केली. शाई वाळते आणि घराण्याची अब्रू शाबूत राहते.

हा पिक्चर मी चार वेळा पाहिला. दर वेळी ती वही आली की मला आपल्या शाळेची वही दिसते.

आता नानचाकू. दहावी 'ब' च्या शेवटच्या बाकाची आडवी दांडी मी कापली, वडिलांच्या करवतीने. सायकलच्या चेनचा तुकडाही मीच आणला. मधल्या सुट्टीत तो मी मित्राच्या दप्तरात ठेवला आणि त्याच दिवशी दप्तरं तपासली गेली. माझे वडील कचेरीत होते, त्याचे वडील गवंड्याच्या हाताखाली. कोणी जास्त विचारलं नाही. असलं काम त्याचंच असणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, मीच केलं." मी बसून राहिलो.

दोन दिवस तो वर्गाबाहेर उभा होता. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले आणि बाकाचे पंचवीस रुपये भरून गेले. ती किती दिवसांची मजुरी होती, हे बँकेत लागल्यावर एकदा हिशेब करून बघितलं. त्यानंतर तो हिशेब डोक्यातून गेला नाही.

वडील आता नाहीत. मित्र इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. काल रात्री त्याला फोन करून विचारलं, उद्या हे सांगू का? तो म्हणाला, "सांग की. चाळीस वर्षांनी तरी बोल." मग हसला. ते हसणं मला शिक्षेपेक्षा जड गेलं.

सर, शाळेची ती वही आता कुठे असेल कोण जाणे. पण या भाषणाचा मजकूर स्मरणिकेत जाणार आहे आणि स्मरणिका शाळेच्या कपाटात राहणार आहे. म्हणून संपादकांना एकच विनंती आहे, बाकी काहीही कापा, पण एवढं राहू द्या: बाकाची दांडी मी कापली होती, त्याने नाही.