फळ्या उचलायला माणसं हवीत



वर्गात बाकाखाली काड्यापेट्यांची आगगाडी ओढणारा तो मीच. बाईंनी ती जप्त केली होती. आज समोरच बसल्यात, म्हणून आठवण करून देतो.

आता माझी गाडी १:८७ प्रमाणाची आहे. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. खरं तर आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या मापात १९ हून थोडे जास्त होतात, पण बाजारात मिळतात ते रूळ परदेशी गेजचे. तेवढी लबाडी चालवून घ्या.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथली मांडणी कायमची. आमचं प्रदर्शन फिरतं. आठ फळ्या टेम्पोत घालायच्या आणि हॉलवर नेऊन जोडायच्या. सांध्यावर रूळ केसभर सरकला तरी डबे घसरतात. रुळांवर धूळ बसली की चाकांना वीज नीट मिळत नाही, इंजिन अडखळतं. मग ते थांबवून रूळ पुसत बसायचं. मुलं विचारतात, "काका, सिग्नल नाही मिळाला का?"

हे सगळं जमतं. पण फळ्या उचलायला पाच जण होतो, उरलो दोघं. त्यात माझी कंबर गेली. गेल्या वर्षी प्रदर्शन झालंच नाही. फळ्या गच्चीवरच्या खोलीत भिंतीला टेकून आहेत. घरचे म्हणतात, विकून टाका.

शाळेचा चित्रकलेचा वर्ग दिवाळीच्या सुट्टीत रिकामा असतो. मुख्याध्यापकांशी बोललोय, ते तयार आहेत. आठवी-नववीची मुलं फळ्या उचलतील, मी त्यांना वायरिंग शिकवीन. टेम्पो कोण देतंय?